तिच्या बाजूची खिडकी

९ जानेवारी

ताई,

पत्रास कारण गाडीचा टप. तो मी परवा कापला.

आता तू चष्मा कपाळावर सरकवून "कसली गाडी?" म्हणशील, म्हणून आधीपासून सांगतो. सर्वेक्षणवाल्यांना घेऊन आयुष्यभर रानोमाळ गाडी हाकली, आणि निवृत्त झाल्यापासून सकाळी उठून फाटकापर्यंत जायचं नि परत यायचं, एवढाच माझा दौरा उरला. त्यात खात्यानं जुन्या गाड्या विकायला काढल्या. त्यातली एक मीच चालवलेली. लांब बांध्याची, चारही चाकांना ओढ असलेली. तिला परक्याच्या हातात जाताना बघणं मला जमेना. घेऊन आलो घरी.

तेव्हापासून अंगणात मी आणि ती. मागच्या स्प्रिंगेत एक जास्तीचा पाटा घातला, म्हणजे वजन पडलं तरी बूड टेकणार नाही. टायर मोठे चढवले. इंजिनाची हवेची नळी काचेच्या बाजूनं पार टपापर्यंत वर नेली, आता ओढ्यात उतरलं तरी इंजिन पाणी पिणार नाही. मागच्या सीटा काढून तिथे खण, शेगडी आणि पाण्याची टाकी. आणि वर झोपायची खोली! कापलेल्या टपाच्या जागी फायबरचं झाकण. पुढे बिजागऱ्या, मागून पेटीसारखं उघडतं. दोन्ही बाजूंना गॅसच्या दांड्या आहेत, त्यामुळे जरा ढकललं की आपणहून वर जातं.

झाकण आणि गाडी यांच्या मधल्या भिंती कॅनव्हासच्या. दोन बाजूंना त्रिकोण, मागे चौकोन. त्या भिंती तू शिवायच्यास. फोन करणार होतो, पण मशीनच्या आवाजात बसून बसून तुझे कान गेलेत, आणि मापं ही काही ओरडून सांगायची गोष्ट नाही.

मार्चअखेर निघायचं. कुठे ते ठरवलेलं नाही, परत कधी तेही नाही. तुझी वहिनी खूश आहे.

घाईत,
तुझा भोवरा


१७ जानेवारी

भोवऱ्या,

टप आधी कापायचा आणि कापडवालीला मग विचारायचं, हे तुलाच सुचू शकतं. मध्ये पाऊस आला असता म्हणजे? लहानपणी दप्तर न घेता शाळेत पोचायचास, तेच चाललंय अजून.

शिवीन. न शिवून सांगते कोणाला! हल्ली दुकानांच्या छत्र्या आणि ट्रकची ताडपत्री यापलीकडे काही येत नाही माझ्याकडे. तंबूसारखं काही हाती लागून किती दिवस झाले. जाड सुती कॅनव्हास घेते. ते प्लास्टिक चढवलेलं कापड मला सांगू नकोस, त्यात माणसाचा श्वास कोंडतो आणि पहाटे छपरातून तोच अंगावर टपकतो.

पण बाबांचे तंबू शिवायचे नियम तुला पाळावे लागतील. पहिला असा की, जो आत झोपणार त्यानं जमिनीवर आडवं होऊन स्वतःचं माप द्यायचं. लांबी, उठून बसल्यावरची उंची, आणि कुशीवर वळून हात कुठवर पोचतो ते. त्यावरून मी खिडकी कुठे ठेवायची ते ठरवते. तुमच्या त्रिकोणी खोलीत पाय पुढे निमुळत्या बाजूला जाणार, डोकी मागे उंच बाजूला येणार. तेव्हा दोघांच्या खिडक्या दोघांच्या तोंडासमोर हव्यात.

दुसरा नियम माझ्यासाठी. एकदा माप आलं की शिवणाऱ्यानं आपलं डोकं चालवायचं नाही. दिलेल्या मापानंच कापायचं.

वहिनी खूश आहे हे तू लिहिलंस. तिनंच एक ओळ खरडली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं.

ताई


२६ जानेवारी

ताई,

झाकणाची आणि चौकटीची मापं चित्रासह सोबत आहेत. टप कापल्यावर गाडीचा सांगाडा लुळा पडतो, म्हणून कडेनं चौकोनी लोखंडी नळीची चौकट फिरवून वेल्डिंग केलं. आता वर दोघं झोपलो काय आणि नाचलो काय, हलणार नाही. झाकणाखाली रबराची पट्टी आहे, बंद झाल्यावर आत धूळसुद्धा जायची नाही.

माझी लांबी पाच फूट सात. तिची पाच फूट एक. बाकीचे आकडे चित्राच्या मागे लिहिलेत.

ताई, तू पटकन शिव. मला इथे करमत नाही. खोटं कशाला बोलू? या घरात मी पाहुणा आहे. साखर कोणत्या डब्यात आहे तेही मला माहीत नाही, विचारलं की तिला हसू येतं. दुपारी घड्याळाचा आवाज ऐकत बसलो की असं वाटतं, कोणीतरी माझी किल्ली काढून घेतली आणि मला उभं करून ठेवलं. अंगणात जाऊन गाडीखाली सरपटलो की मगच श्वास येतो. तीसुद्धा दिवसभर घरात नसते, त्या पोहण्याच्या तलावावर पडीक असते. म्हणजे निघायला तिलाही काही अडचण नाही.

खिडक्यांच्या चेन पितळी लाव. प्लास्टिकच्या वाळूत अडकतात.

भोवरा


४ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र तुला आहे, तुझ्या नवऱ्याला नाही. तो अंगणात ठोकाठोकी करत असेल तेव्हा वाच.

गाडीच्या भिंतींसाठी त्यानं तुझी लांबी पाच फूट एक कळवलीय. अगं, तुझे लग्नातले ब्लाउज मी शिवलेत. माझ्या दुकानात वरच्या फळीवरचे कापडाचे गठ्ठे मला काठीनं ओढावे लागतात, तू आलीस की नुसता हात वर करून काढून देतेस. पाच फूट एक कुठून आणलं यानं?

मग आठवलं. तुमच्या लग्नाच्या फोटोत तू त्याच्या कानाच्या पाळीपर्यंत येतेस. फोटोग्राफर म्हणाला नवरा-नवरी सारखेच दिसतायत, म्हणून मीच दोऱ्याच्या रिळांचं रिकामं खोकं त्याच्या पायाखाली सरकवलं होतं. भोवरोबा अजून त्या खोक्यावरच उभे आहेत म्हणायचे!

हसून घे. पण त्यापुढचं हसण्यासारखं नाही. तू आडवी होऊन माप दिलं असतंस तर हा आकडा आला नसता. म्हणजे त्यानं तुझं माप घेतलंच नाही. मग मला प्रश्न पडला, त्यानं तुला दुसरं तरी काही विचारलंय का?

ताई


११ फेब्रुवारी

वन्सं, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून हसले आणि मग स्वयंपाकघरातच बसून रडले. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही विचारलं. एके दिवशी चहा पिताना "आपण मार्चअखेर निघतोय" म्हणाले आणि कप ठेवून अंगणात गेले.

ह्यांच्या बदल्यांपायी मी किती घरं लावली आणि किती मोडली, त्याला गणतीच नाही. पडदे शिवायचे आणि खिडकीचा आकार बदलला म्हणून पुढच्या घरी उसवायचे. हे महिना महिना रानात, मी नव्या गावात दूधवाला शोधत. तेव्हा तक्रार केली नाही. कामच तसं होतं. पण आता हे घर आपलं आहे, वन्सं. ह्या घरात मी पहिल्यांदा भिंतीला खिळे मारले.

आणि तलावाचं म्हणाल, तर मी तिथे पडीक नसते. शिकवते. मी स्वतः केस पांढरे झाल्यावर पोहायला शिकले, आता माझ्या वयाच्या बायकांना शिकवते. पाण्यात पाय सुटला की त्या माझा दंड घट्ट धरतात आणि आठवड्याभरानं सोडून देतात. ते सोडून देणं बघायला मला फार आवडतं. ह्यांना वाटतं मी तिथे वेळ घालवायला जाते.

परवा शेजाऱ्यांशी बोलताना ऐकलं. "ती नाही आली तर मी एकटा जाईन, पण जाणार." ह्यांना ओळखते मी. एकटे गेले तर एका रस्त्यातून दुसरा रस्ता निघत राहील, आणि परत येण्याचं राहूनच जाईल. मी प्रवासाला नाही म्हणत नाही हो. मला न विचारता मला सामानात धरलं, ते मला गिळवत नाही. आणि बोलायला गेले की हे गाडीखाली शिरतात.

एक मागू? कापड शिवू नका. निदान उशीर करा.

तुमची,
वहिनी


१० मार्च

भोवऱ्या,

भिंती पाठवल्या आहेत. सावकाश उलगड, घडीवर घडी घालून ओढू नकोस. तू दिलेल्या मापानंच शिवलंय, रेसभरही इकडे तिकडे नाही. तेव्हा चूक निघाली तर ती कापडाची नसेल, हे आत्ताच सांगून ठेवते.

आता नीट वाच. नवं सुती कापड तसंच वापरलंस तर पहिल्या पावसात गळेल. ते आधी भिजवायचं असतं. भिजलं की धागा फुगतो आणि सुईची भोकं बुजतात. झाकण पूर्ण वर करून, कापड ताणलेलं असताना वरून पाणी सोडायचं. मग तसंच उघडं ठेवून खडखडीत वाळवायचं. ओलं मिटलंस तर आखडेल, मग दांड्या झाकण वर ढकलतील आणि शिवण उसवेल. असं तीनदा कर. तेवढे दिवस गाडी जागची हलवायची नाही.

आणि हे काम एकट्याचं नाही. एकानं शिडीवरून पाणी ओतायचं, दुसऱ्यानं आत आडवं होऊन कुठे थेंब येतो ते बघायचं. वहिनीला बोलाव. नुसतं बोलावू नकोस, विचार.

ताई

(आतलं पाकीट वहिनीचं आहे. उघडू नकोस.)

वहिनी, बाबांच्या दुकानात घेतलेलं काम कधी अर्धं राहिलं नाही, म्हणून शिवलं. त्याला थांबवणं माझ्या हातात नाही. गाडी तेवढी थोडे दिवस थांबवलीय. बाकीचं तुला बोलावं लागेल. तो शिडीवर असेल, तेव्हा गाडीखाली शिरू शकणार नाही.


२३ मार्च

ताई,

तुझ्या भिजवण्यानं माझा जीव घेतला.

पहिली भिजवणी बरी झाली. ती आत आडवी, मी वर पाइप घेऊन. "इथे एक थेंब." "कुठे?" "माझ्या गुडघ्यावर." चार ठिकाणी गळालं, संध्याकाळपर्यंत तीन बंद झाली. चहा आम्ही वरच प्यायलो. मला वाटलं, चला, रुळली ही गाडीत.

दुसऱ्या भिजवणीला आतून आवाज आला, "तुम्ही मला विचारलंत का?" मी म्हटलं, "काय?" तर म्हणे, "काहीही." मध्ये ओलं कापड, मला ती दिसेना, तिला मी दिसेना. मग तिनं जे बोलायला सुरुवात केली! घरं, पडदे, दूधवाला, सगळं. मी पाइप धरून उभा. पाणी वाहत शेजारच्यांच्या दारात गेलं तरी माझ्या लक्षात नाही. शेवटी मी म्हणालो, "तुला यायचं नसेल तर स्पष्ट सांग." ती म्हणाली, "मला येऊ की नको ते तुम्ही विचारा, मग सांगते." मी म्हणालो, "येतेस?" ती म्हणाली, "असं नाही."

मग कसं? तूच सांग, कसं विचारायचं असतं? मला नाही येत. मला गाडी चालवता येते.

तिला तू शिकवलंस असं वाटतंय मला. दोघी मिळून मला अंगणात बांधून ठेवताय. कापड वाळलंय. तिसरी भिजवणी गेली खड्ड्यात. मी निघतोय.

भोवरा


२५ मार्च

वन्सं,

हे काल गेले. मी सकाळी तलावावर होते. आले तर फाटक उघडं, आणि अंगणात गाडीच्या जागी चौकोनी कोरडी जमीन.

स्वयंपाकघरात चिठ्ठी नाही. साखरेचा डबा मात्र ओट्यावर होता, झाकण उघडं. शोधून काढला आणि थोडी बांधून घेतली, दुसरं काय. त्या डब्याकडे बघून मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. मला विचारलं असतं तर मी दिली नसती का?

फोन लागत नाही. तुमच्याकडे आले तर मारू नका, आधी जेवायला घाला.

मी बोलले ते चुकलं का, वन्सं? रात्रंदिवस हाच विचार. पण आज पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच बोलेन असंही वाटतं. उद्या तलावावर जाणार आहे. एका बाईनं कालच हात सोडला, उद्या मी गेले नाही तर घाबरेल.

तुमची,
वहिनी


२ एप्रिल

ताई,

घरून लिहितोय. आधी हे वाच, मग श्वास सोड.

लांब नाही गेलो. मोठ्या धरणाच्या पाठीमागे सर्वेक्षणाला जायचो तिथवरच. खडकातून गाडी अशी चढली की म्हातारपण विसरलो. पाण्याच्या काठाला उभी केली, झाकण ढकललं, वर गेलं. तुझं कापड ढोलासारखं ताणलेलं. शेगडीवर चहा केला आणि तिला हाक मारली. मोठ्यानं मारली, ताई. लाज वाटली म्हणून मग उगाच इंजिन उघडून बघितलं.

रात्री अवकाळी सर आली. माझ्या बाजूच्या शिवणीतून एक थेंब अजून येत होता, म्हणून झोपायला तिच्या बाजूला सरकलो. पहाटे जाग आली तर पक्षी इतके बोलत होते की बघावंसं वाटलं. खिडकीची चेन ओढली. समोर कापड! खिडकी माझ्या खांद्याच्याही खाली. बघायचं तर सरकून पाय दुमडून अंगाचं मुटकुळं करावं लागत होतं. मी मनात तुला शिव्या घातल्या. म्हटलं, ताईचा हात चुकला.

मग म्हटलं, ताईचा हात नाही चुकत. माप कुणी दिलं?

तसाच पडून राहिलो. तिला या जागेवर झोपलेली डोळ्यांसमोर आणून बघितलं. तिचं डोकं कुठे येईल, काही केल्या ठरवता येईना. माझ्याजवळ आमच्या लग्नातला फोटो आहे, पाकिटात. तो काढून बघितला, आणि मला ते खोकं आठवलं. त्यावर उभं राहताना तू माझं कोपर धरलं होतंस. खोकं मी विसरलो, फोटो तेवढा लक्षात ठेवला.

अंथरूण गुंडाळलं, कापड वाळायची वाट बघितली आणि परत फिरलो. हो, वाळायची वाट बघितली. आणि तुझ्या त्या तीन भिजवण्यांबद्दल. मीही बाबांचाच मुलगा आहे. एकदा भिजवलं की पुरतं, हे मला तुझं पत्र आलं तेव्हाच माहीत होतं. तू वेळ काढतेयस हे कळलं होतं. तरी दुसऱ्यांदा पाइप धरून शिडीवर चढलो. म्हणजे मलाही थांबायचं असणार. नुसतं कसं थांबायचं ते कळत नव्हतं.

घरी आलो तेव्हा ती ओले केस पुसत होती. मी टेप काढली आणि विचारलं, "तुझं माप घेऊ का?" ती टॉवेल खांद्यावर टाकून माझ्याकडे वळली. म्हणाली, "कशासाठी ते सांगा." मी म्हटलं, "तुझ्या बाजूची खिडकी चुकलीय. ती आधी नीट करायची. तू आलीस तरी, नाही आलीस तरी." तेव्हा ती बाहेरच्या खोलीत जमिनीवर आडवी झाली.

ताई, पाच फूट सात. मला वाटलं टेप सरकली. दुसऱ्यांदा लावली, पुन्हा तेवढंच. तिसऱ्यांदा लावायला गेलो तेव्हा छपराकडे बघत म्हणाली, "ओढू नका हो ती. एवढीच आहे मी, पहिल्यापासून."

मी तिच्या शेजारी तसाच जमिनीवर बसलो. मग तिला विचारलं. कसं ते लिहीत नाही, पण या वेळी जमलं.

तिचं उत्तर असं. तलाव मे महिन्यात दुरुस्तीला बंद असतो, तेवढे दिवस येईन. कुठे जायचं ते दोघांनी ठरवायचं. आणि ज्या दिवशी तलाव उघडेल त्या दिवशी गाडी अंगणात पाहिजे. मी सगळं कबूल केलं. जून कसा काढायचा ते मला अजून कळत नाही. पाय आत्तासुद्धा टेबलाखाली हलतायत.

तिच्या बाजूचा त्रिकोण उसवून परत पाठवतोय. मापं चित्राच्या मागे आहेत. या वेळी अक्षर तिचं आहे, बघ.

भोवरा